पोवारी : अंगणातली आणि कागदावरची

परसवाड्याच्या पठारावर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लछमन नाईक या पोवार पुढाऱ्याने गावे वसविली. त्यांच्या भातशेतीबरोबर पोवारी बोलीही येथे रुजली. आपली जुनी मराठी घराणी तिच्या शेजारातच वाढली. आज तिच्या अवस्थेविषयी हळहळणे सोपे आहे. परंतु तिच्याकडे पाहण्याच्या आपल्या दृष्टीचीही चिकित्सा व्हावयास हवी.

ग्रियर्सनने भाषा-सर्वेक्षणाच्या १९०४ सालच्या खंडात पोवारीला पूर्व हिंदीच्या बघेली शाखेत, दक्षिणेकडील मोडक्या बोलींत बसविले. जनगणनाही तिला हिंदीतच मोजते. पण ‘मोरो गाव परसवाडा से’ हे साधे वाक्य पाहावे. यातील ‘से’ हा ना हिंदीचा ‘है’, ना मराठीचा ‘आहे’. ‘मी’ मात्र थेट आपला. त्याच्या शेजारी ‘मोरो’ हे रूप सुखाने नांदते. यास मोडकेपणा म्हणावे, की स्वतंत्र घडण?

२००१ च्या जनगणनेत पवारी-पोवारी भाषकांची नोंद सुमारे सव्वाचार लाख होती. २०११ मध्ये ती सव्वातीन लाखांवर आली. दहा वर्षांत लाखभर माणसे मुकी झाली नाहीत. मातृभाषेच्या रकान्यात अनेकांनी दुसरे नाव लिहिले असावे, असेच अनुमान निघते. बोली आधी कागदावरून जाते, मग अंगणातून.

पोवारीत अलीकडे कविता लिहिली जाते, ‘झुंझुरका’ हे बालमासिकही निघाले, ही समाधानाची गोष्ट. तथापि यांतील बऱ्याच रचना धारानगरी आणि राजा भोज यांच्या गौरवातच रमतात. ज्या बांध्यांनी या समाजाला कीर्ती दिली, त्यांतला चिखल, रोवणी, पाण्यावरून होणारी भांडणे त्या मानाने कवितेत थोडी येतात. पूर्वजांच्या स्तुतीने अभिमान टिकतो. बोली टिकते ती रोजच्या कामाच्या शब्दांनी. म्हणूनच मुलांसाठी लिहिणारा उपक्रम गौरवगीतांहून मोलाचा वाटतो.

दोष एकट्या त्यांचा नाही. आमच्या आजीच्या पिढीत कुंपणापलीकडच्या बाईशी पोवारीतच बोलणे होई. पुढे आम्ही शिकलेल्यांनी त्याच बोलीला ‘गावंढळ’ ठरवून हसून घेतले. १९५६ नंतर मध्य प्रदेशात आपल्या मराठीचीही अशीच टिंगल झाली, तेव्हा मात्र ती आपणांस बोचली. पोवारी शेजारणीला तिच्या बोलीत उत्तर देण्याइतकी ती आपल्यापैकी किती जणांना आज येते, हे प्रत्येकाने आपल्याच घरात तपासून पाहावे.