इझाबेला बर्डच्या पत्रांतला जपान

सकाळी सहाच्या सुमारास निक्कोजवळच्या इरिमिची गावात बारा-चौदा पुरुष एका बुटक्या भिंतीवर बसलेले असतात. प्रत्येकाच्या हातात दोन वर्षांच्या आतलं मूल. ते त्याला खेळवतात, शेजारच्याला त्याचं बाळसं दाखवतात, त्याच्या हुशारीचं कौतुक करतात. इझाबेला बर्ड या ब्रिटिश प्रवासिनीने १८७८च्या उन्हाळ्यात हे पाहिलं आणि बहीण हेन्रिएटाला पत्रातून कळवलं. तेव्हाच्या जपानी मेइजी सरकारच्या दप्तरात करवसुली सापडते, सैन्यभरती सापडते. लेकरू मांडीवर घेऊन बसलेला बाप सापडत नाही. १८८० साली लंडनच्या जॉन मरेने छापलेलं ‘अनबीटन ट्रॅक्स इन जपान’ मला अशा जागांसाठी फार मोलाचं वाटतं.

प्रवासाच्या वेळी तिचं वय शेहेचाळीस होतं आणि पाठीचं दुखणं जुनं. सोबत इतो हा तरुण दुभाषा, घडीची खाट आणि रबरी टब. निक्कोहून निईगाता, तिथून यामागाता, अकिता, आओमोरी आणि मग समुद्र ओलांडून होक्काइदो, असा तिचा मार्ग. घोड्यांच्या पायांतली गवती पायताणं वाटेत झिजतात, सरायांमध्ये पिसवा झोपू देत नाहीत, कागदी सरकत्या दारांना भोकं पाडून अख्खं गाव तिच्याकडे डोळे लावून बसतं. मुलांच्या अंगावरची खरूज, सुजलेले डोळे, डोंगरातल्या वस्त्यांचं दारिद्र्य, काहीच ती झाकत नाही. मियामोतो त्सुनेइचींसारख्या जाणत्या लोकसंस्कृती-अभ्यासकाने या पुस्तकावर व्याख्यानं दिली ती उगीच नव्हेत. गावकऱ्यांना जे रोजचं, म्हणून लिहून ठेवावंसंही वाटलं नाही, ते या परकीय बाईने टिपलं.

तिचे निष्कर्ष मात्र जपून घ्यावे लागतात. ख्रिस्ती धर्माच्या मापाने ती माणसं तोलते, तेव्हा तिची नजर आखडते. पण तिने सांगितलेला प्रसंग तिच्या मतापेक्षा मोठा निघतो. वाटेत एक पट्टा हरवला, तेव्हा अंधार पडलेला असूनही घोडेवाला कोसभर मागे जाऊन तो शोधून आला आणि दिलेले पैसे त्याने घेतले नाहीत. इथे तिचा कोणताही सिद्धांत नाही. इतकी नितळ नोंद मला दुसरीकडे क्वचितच भेटली आहे.

आइनू या होक्काइदोतल्या मूलनिवासी लोकांच्या बिरातोरी वस्तीतली पत्रं पुस्तकाचा गाभा आहेत, आणि सर्वांत अवघडही. आइनूंचं बोलणं तिच्यापर्यंत इतोमार्फत येत होतं, आणि इतो त्यांना माणसांत मोजायला तयार नव्हता. ती स्वतःही त्यांना रानटी म्हणते; त्याच पत्रांत त्यांच्या मृदू आवाजाने आणि अदबीने भारावून जाते. हा विरोध तिने मिटवला नाही, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो. सरकारने गोंदण्यावर घातलेल्या बंदीने आइनू व्यथित होते. देव कोपतील, गोंदल्याशिवाय मुलींची लग्नं होणार नाहीत, आमच्यासाठी सरकारकडे शब्द टाका, असं त्यांनी तिला विनवलं. आपल्या चालीरीती तुम्हाला सांगितल्या हे जपानी सरकारला कळू देऊ नका, अशीही त्यांची विनंती होती. पुस्तकात त्या चालीरीती आहेत आणि ही विनंतीही आहे. चालीरीतींसाठी अभ्यासक हे पुस्तक उघडतात. मी विनंतीपाशी थांबतो, कारण सत्तेखाली जगणाऱ्या लोकांची भीती इथे त्यांच्याच तोंडची म्हणून नोंदली गेली आहे.