‘अरण्य’ की ‘परका’? : एका कोरियन गुन्हेमालिकेचे दुसरे पर्व

गुन्ह्याच्या कथेस वस्तुतः दुसरे पर्व नसते. गुन्हेगार सापडला की तिचे प्रयोजन संपते. मागे उरतो तो तपास करणारा मनुष्य. म्हणून अशी मालिका परत येते ती बहुधा त्या मनुष्याच्या लोकप्रियतेवर, आणि त्याच्यासाठी एक नवे प्रेत सिद्ध ठेवून. दक्षिण कोरियातील टीव्हीएन वाहिनीवर २०१७ साली १६ भागांत दाखविलेली व २०२० साली तितक्याच भागांनी परतलेली ली सू-यॉन या लेखिकेची मालिका या नियमास कितपत अपवाद ठरते, हे येथे पाहावयाचे आहे.

आरंभ शीर्षकापासून करणे सोयीचे होईल. मूळ नाव ‘बिमिरुई सुप’. त्यातील ‘उई’ हा प्रत्यय आपल्या ‘-चे’सारखा संबंध दर्शवितो, अर्थ ‘रहस्याचे अरण्य’. परदेशी प्रेक्षकांसाठी मात्र ‘स्ट्रेंजर’, म्हणजे ‘परका’, हे नाव योजिले गेले. पहिले नाव स्थळाचे, दुसरे व्यक्तीचे. बालपणीच्या मेंदूवरील शस्त्रक्रियेने ज्याच्या भावना बोथट झाल्या आहेत असा अभियोक्ता ह्वांग शी-मोक हा कथेचा विषय मानला, तर दुसरे पर्व म्हणजे त्याच्या पराक्रमांची पुरवणी होय. विषय अरण्य हाच असेल, तर परत येण्यास कारण आहे; अरण्य एका वाटेने पाहून संपत नाही.

पहिल्या पर्वात अभियोक्त्यांना पैसा व पाहुणचार पुरविणाऱ्या एका व्यावसायिकाचा खून होतो. कोरियन भाषेने अशा माणसासाठी इंग्रजीतील ‘स्पॉन्सर’ हा शब्द उचलला आहे. परक्या शब्दाने लाचेची लाज झाकली जाते, हे अर्थपरिवर्तनाचे बोलके उदाहरण म्हणावे लागेल. तथापि शेवटी असे उघड होते की, ली चांग-जून या वरिष्ठ अधिकाऱ्यानेच व्यवस्थेची कुजकट मुळे उघडी पाडण्यासाठी सारा डाव मांडला होता. हा शेवट प्रभावी आहे, यात शंका नाही. परंतु त्यामुळे अरण्यास एक माळी मिळतो, आणि अनर्थामागे कोणाचे तरी मन होते, असे समाधान प्रेक्षकास लाभते.

दुसरे पर्व हे समाधान नाकारते, आणि तेच त्याचे खरे सामर्थ्य होय. आरंभी तोंग्यॉंगच्या समुद्रकिनारी दाट धुक्यात दोन विद्यार्थी बुडून मरतात. धोक्याची सूचना देणारी दोरी ज्यांनी काढली, त्यांना शी-मोक शोधून काढतो. पण न्यायाधीशपद सोडून वकिलीत शिरलेल्या एका प्रतिष्ठिताच्या शब्दाखातर प्रकरण मिटविले जाते. या प्रथेस कोरियन भाषेत ‘जॉनग्वान येउ’, म्हणजे माजी अधिकाऱ्यास द्यावयाचा मान, असे म्हणतात. पुढे कळते की, तो अपघात नव्हताच; ती हत्या होती. हत्या लपविण्याचा हेतू प्रकरण मिटविणाऱ्यांपैकी कोणाचाही नव्हता. केवळ शिष्टाचार पाळला गेला, आणि त्याखाली दोन जीवांचा न्याय गाडला गेला.

याच पर्वात पोलीस व अभियोक्ते तपासाच्या अधिकारावरून समोरासमोर बसतात. हा वाद कल्पित नव्हे. पोलिसांच्या तपासावर अभियोक्त्यांची हुकमत राहावी की नाही, हा तेथील जुना तंटा. जानेवारी २०२० मध्ये राष्ट्रीय सभेने कायदा बदलून प्रकरण प्राथमिक पातळीवर बंद करण्याचा अधिकार पोलिसांस दिला. मालिका त्याच वर्षीच्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये दाखविली गेली. तीत प्रत्येक पक्ष दुसऱ्याची जुनी पापे उकरतो, पण मृतासाठी नव्हे. मृत हा केवळ वादातील मुद्दा होतो.

या बैठकींचा भाषिक अंग स्वतंत्रपणे लक्षात घ्यावयास हवा. मराठीत ‘आपण’ म्हणून आदर दाखवावयाचा तर बहुधा श्रोत्याचा उल्लेख यावा लागतो. कोरियन भाषेत ‘पाऊस पडतो आहे’ एवढे सांगतानाही श्रोत्याच्या मानाप्रमाणे क्रियापदाचा शेवट निवडावा लागतो. त्यामुळे वैर आणि अदब एकाच वाक्यात नांदू शकतात. भाषांतरित तळओळींत ही अदब जवळजवळ नाहीशी होते, आणि उरते ती केवळ कचेरीतील वादावादी. दुसरे पर्व संथ आहे, या तक्रारीचे एक कारण कदाचित हेच असावे.

अर्थात तक्रार सर्वस्वी निराधार नाही. काही बैठकी व्याख्यानाच्या वळणावर जातात. सॉ दोंग-जे या लाचखोर अभियोक्त्याच्या अपहरणाने मधले कित्येक भाग व्यापले आहेत. आणि अपहरणकर्ता व्यवस्थेबाहेरचा असल्याने संस्थेविषयीचा प्रश्न तेवढा काळ बाजूस पडतो. पण शेवट या उणिवा भरून काढतो. सत्य बाहेर काढणारी पोलीस अधिकारी हान यॉ-जिन जिंकत नाही. सहकारी तिला वाळीत टाकतात. अरण्य जागच्या जागी राहते.

२०२४ साली याच कथाविश्वातून तिसरी मालिका निघाली ती दोंग-जेवर. तिच्या नावाचा अर्थ ‘चांगला किंवा वाईट दोंग-जे’. शीर्षकात अरण्याची जागा व्यक्तीने घेतली, हा बदल अर्थपूर्ण आहे. पात्र आवडले म्हणून परतणे आणि प्रश्न सुटला नाही म्हणून परतणे, या दोन भिन्न गोष्टी होत. २०२० चे दुसरे पर्व दुसऱ्या प्रकारात मोडते. म्हणूनच, पहिल्याइतके रेखीव नसतानाही, ते अधिक प्रामाणिक ठरते.