टेक्ससचे काळवीट : किंमत आणि मूल्य

आता टेक्ससकडे वळू. आपल्याकडे १९७२च्या कायद्यामुळे काळवीट मारता येत नाही. तिथे खासगी रँचवर, उंच कुंपणाच्या आत, पैसे मोजून मारता येतो. सहारातला सिमिटर ओरिक्सही तसाच. मालक म्हणतात, जनावराला भाव आला म्हणून ते टिकलं.

हे आम्ही हसण्यावारी नेत नाही. ओरिक्स २००० साली निसर्गातून नामशेष ठरला. २०१६पासून चाडमध्ये सोडले ते बंदिस्त कळपांतलेच. पण बघा, २०१२मध्ये अमेरिकेत ओरिक्ससह तीन आफ्रिकी कुरंगांच्या शिकारीला परवाना सक्तीचा झाला, तेव्हा मालकच विचारू लागले, मग हे कळप पोसायचे कशाला? दोन वर्षांत संसदेने अट काढली. मग राखलं काय जात होतं, जनावर की भाव? कांटने किंमत आणि प्रतिष्ठा वेगळी केली खरी, पण प्रतिष्ठा माणसापुरतीच ठेवली. तिथे तो आम्हाला तोकडा वाटतो.

पावसामागे मैलोन्‌मैल भटकणं हे ओरिक्सचं जगणं. कुंपणात शिंगं राहिली, भटकणं गेलं. म्हणून रँचमालकाला आम्ही एवढंच विचारू: शिकारीच्या फीमधलं चाडपर्यंत किती पोचतं?