टाकीतलं पोलाद

२०१६ साली बजाजने ‘व्ही-१५’ ही मोटारसायकल बाजारात आणली, तेव्हा तिच्या पेट्रोलच्या टाकीत ‘आयएनएस विक्रांत’चं पोलाद मिसळलेलं होतं. विमानवाहू युद्धनौकेचा अंश दारात आणून उभा करायचा, तोही हप्त्यावर! सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावात ही गाडी दिसली की माझी नजर आधी टाकीवर जाते.

टाकी खांद्यात भरलेली, सीटकडे उतरत गेलेली. पुढचं चाक अठरा इंची, मागचं सोळा इंची आणि मागचा टायर जाड. त्यामुळे गाडी मागे जरा बैठक मारून असल्यासारखी वाटते. मागच्या सीटवर झाकण बसवलं की ती एकट्या स्वाराची, रेसरसारखी होते. आमच्याकडे ते झाकण माळ्यावर पडलेलं असणार. मागे बायको, पोर, नाहीतर सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी असते.

खरी वाचायची गोष्ट, म्हणजे ते पोलाद, मात्र दिसतच नाही. परदेशात निवृत्त विमानांचा पत्रा कापून किल्लीच्या पट्ट्या करतात. जर्मनीची ‘एव्हिएशनटॅग’ कंपनी पट्टीवर विमानाचा प्रकार कोरते; मूळ रंग, ओरखडे तसेच राहू देते. बोट फिरवलं की उडालेलं आयुष्य हाताला लागतं. वैमानिक घडवणाऱ्या जेटच्या पत्र्याची अशी पट्टी म्हणजे कुणाच्या तरी पहिल्या एकट्या उड्डाणाची शक्यता खिशात. व्ही-१५ मध्ये तसं काही नाही. पोलाद वितळलं, रंगाखाली गेलं. आजीच्या पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या केल्या की आजीचं सोनं नेमकं कुठे आहे, हे सोनारालाही दाखवता येत नाही, तसंच हे.

आणि मला हेच जास्त भावतं. पट्टी काचेच्या कपाटात मिरवते, टाकी उन्हात तापते. विक्रांतच्या वाट्यालाही मिरवण्यापेक्षा राबणंच जास्त आलं. १९६१ साली ती भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात चारपैकी एका बॉयलरला भेग पडलेली, वेग पुरता मिळत नव्हता. तरी ४ डिसेंबरला तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला. खोट घेऊन काम उरकणं शेतीवर जगणाऱ्या गावाला समजावून सांगावं लागत नाही.

जाहिरातीने अभिमान विकला, तो विकाऊ कसा झाला हे सांगितलं नाही. १९९७ साली निवृत्त झालेली विक्रांत काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. कायमचं स्मारक काही झालं नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने तिच्या मोडणीचा मार्ग मोकळा केला आणि मुंबईच्या दारूखाना भागात तिच्यावर गॅस कटर चालले. शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी तिच्या भंगारातून केलेलं शिल्प मुंबईत लायन गेटजवळ आहे; ते निदान उघडपणे स्मारक म्हणून उभं आहे. मोटारसायकलीला दोन्ही कामं करावी लागतात, आठवणही वाहायची आणि ॲव्हरेजही द्यायचं. माझ्या मते या ओढाताणीतच तिची गंमत आहे.

आता व्ही-१५ नवी मिळत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात टाकीतल्या पोलादाला वेगळा भाव नाही. गिऱ्हाईक टायर, कागदपत्रं बघतं आणि किक मारून पाहतं.