तालीम कोणी करायची?

‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ ही मालिका ऑस्ट्रेलियाच्या एबीसी वाहिनीने २०१९ मध्ये दाखवली. पुढे नेटफ्लिक्समुळे ती जगभर पोहोचली. स्वमग्न तरुण-तरुणी जोडीदार शोधतात, कुणाला तरी पहिल्यांदा भेटतात, हा तिचा विषय. तिचे श्रेय आधी सांगायला हवे. ‘स्वमग्न’ या आपल्या शब्दाने थोडा घोटाळाच करून ठेवला आहे. ‘ऑटिझम’च्या मुळाशी ‘स्व’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे, त्यावरून तो बेतलेला. पण ऐकणाऱ्याला वाटते, या माणसाला दुसरे कोणी नकोच असते. मालिकेतले तरुण मात्र लग्नाविषयी, एकटेपणाविषयी आडपडदा न ठेवता बोलतात.

खटकते ती तालीम. भेटीआधी मार्गदर्शक सराव करून घेतात: एकट्यानेच बोलत सुटू नये, समोरच्यालाही प्रश्न विचारावेत, वगैरे. सूचना वाईट नाहीत. (आमच्या चर्चासत्रांतल्या काही वक्त्यांनाही त्या द्याव्यात!) पण यात दोष एकाच बाजूचा, असे गृहीत धरलेले असते.

हे गृहीतक कोठून आले? १९८५ मध्ये बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांनी बाहुल्यांचा एक प्रयोग केला. एक बाहुली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते. दुसरी ती काढून पेटीत ठेवते. परत आल्यावर पहिली गोटी कोठे शोधेल? २० स्वमग्न मुलांपैकी १६ जणांनी टोपलीऐवजी पेटी दाखवली. या मुलांना दुसऱ्याच्या मनातले ओळखता येत नाही, हा विचार त्यातून रुजला. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या समाजशास्त्रज्ञाने उलटा प्रश्न केला: इतरांना तरी स्वमग्न माणसाचे मन कोठे कळते? २०२० मध्ये कॅथरिन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवली. सगळे स्वमग्न असलेल्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच टिकली. गळती अधिक झाली ती मिश्र साखळीत.

मालिकेत याचा पुरावा समोरच आहे. आधीपासून एकत्र राहणारी जोडपी, दोघेही स्वमग्न, कोणत्याही तालमीशिवाय मजेत बोलतात. दिग्दर्शक किअन ओ’क्लेरी हे टिपतात, पण त्यातून काही शोधत नाहीत. उलट मागे असे खेळकर संगीत वाजते, की पंचविशीतला तरुण लहान मूल वाटावा.

शिक्षकांच्या दृष्टीने हा केवळ चवीचा प्रश्न नाही. ‘माझ्या डोळ्यांकडे बघून बोल’ हा आपला वर्गातला आग्रह याच तालमीचा पहिला धडा. सतत मुखवटा चढवण्याचा चिंतेशी आणि नैराश्याशी संबंध अनेक पाहण्यांत दिसला आहे. शिवाय नको तेच आपण शिकवतो. ‘बघू’, ‘नंतर कळवते’ याचा अर्थ ‘नाही’, हे मात्र कुणी सांगत नाही. मुलगा शब्दशः अर्थ घेतो, पुन्हा फोन करतो. मुलीला त्याची भीती वाटते आणि त्याच्यावर पाठलागाचा शिक्का बसतो. दोघांचेही नुकसान.

याबाबतीत मालिकेतल्या काही भेटी मला फार आवडल्या. जेवण संपते. एक जण सरळ विचारतो, पुन्हा भेटायचे का? दुसरी तितक्याच सरळपणे म्हणते, मैत्री चालेल, त्यापुढे नको. तो ‘बरे’ म्हणतो.