एका रात्रीचा भयखेळ : खेळ निवडण्याचा निकष

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला
• भूमिकाखेळ म्हणजे काय, ते थोडक्यात सांगता येईल;
• एका बैठकीत संपणाऱ्या भयखेळाचा मुख्य निकष मांडता येईल;
• चार खेळांची त्या निकषावर तुलना करून आपल्या मंडळींसाठी निवड करता येईल.

१. प्रश्न काय आहे?

विद्यार्थी मित्रांनो, समजा तुम्ही तंजावरमध्ये शिकत आहात. परीक्षा संपली आहे. वसतिगृहाच्या खोलीत पाच जण जमले आहेत : एक नागपूरचा, एक कुंभकोणमचा, एक हैदराबादचा आणि दोघे तंजावरचेच. रात्रीचे नऊ वाजले आहेत. सकाळी प्रत्येकाला गाडी पकडायची आहे आणि हे पाच जण पुन्हा कधी एकत्र बसतील याची खात्री नाही. आज रात्री एक भयकथा खेळायची, असे ठरले आहे. खेळ कोणता घ्यावा?

भूमिकाखेळ म्हणजे इंग्रजीत ज्याला टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणतात तो प्रकार. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलता बोलता कथा घडवतात. एखाद्या कृतीचा निकाल अनिश्चित असला की तो नियमांनी ठरतो. कोकणातला दशावतार तुम्ही पाहिला असेल, तर ही कल्पना परकी वाटणार नाही. तिथे आख्यान ठरलेले असते, संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतात. फरक एवढाच की भूमिकाखेळात वेगळा प्रेक्षक नसतो. खेळणारेच एकमेकांचे प्रेक्षक असतात.

‘सर्वांत भीतिदायक खेळ कोणता?’ असे विचारले की बहुतेक जण कथानकाविषयी बोलू लागतात : भूत कसले, वाडा कुठला, रक्त किती. माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या टोकाला धरलेला आहे. भूत कोणत्याही खेळात आणता येते. नियम मात्र ऐन वेळी बदलता येत नाहीत, म्हणून निवड करताना आधी नियम पाहावेत.

२. निकष : न पडणारी बाहुली

तंजावरच्या बाजारात एक बाहुली मिळते. तिचे बूड गोल आणि जड असते. कशीही कलंडवा, ती डुलत डुलत पुन्हा उभी राहते. बहुतेक भूमिकाखेळ या बाहुलीसारखे असतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ मध्ये आला आणि या प्रकाराची सुरुवात झाली. त्याच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत जखमी पात्राने आठ तासांची दीर्घ विश्रांती घेतली की त्याचे सगळे हिट पॉइंट्स परत मिळतात. हा त्या खेळाचा दोष नाही. महिनोन्‌महिने चालणाऱ्या साहसकथेत पात्रे टिकली पाहिजेत, म्हणून बाहुलीचे बूड जड ठेवलेले असते.

भयकथेत मात्र जे गेले ते परत येणार नाही, ही जाणीवच भीती निर्माण करते. सकाळी सगळे भरून निघणार असेल, तर रात्री घाबरायचे कशाला? म्हणून एका रात्रीच्या भयखेळाचा निकष मी असा मांडतो :

(अ) खेळात काहीतरी असे गमावले जावे, जे परत मिळत नाही.
(आ) ते जाताना सर्वांना डोळ्यांनी दिसावे.
(इ) रात्र संपण्याआधी ते संपावे.

आता चार खेळ या निकषावर तपासू.

३. ‘कॉल ऑफ क्थुलू’

सँडी पीटरसन यांचा हा खेळ केऑसियम या प्रकाशनाने १९८१ मध्ये काढला. भयखेळ म्हटले की पहिले नाव याचेच निघते. यातली पात्रे साधी माणसे असतात : प्राध्यापक, पत्रकार, डॉक्टर. त्यांच्या कागदावर मनःस्थैर्याचा एक आकडा असतो आणि अघटित काही दिसले की तो घटतो. भूमिकाखेळात मनाची झीज नियमात बसवणारा हा महत्त्वाचा खेळ आहे, त्याचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पण आपल्या रात्रीसाठी तो कमी पडतो. साधारण पन्नाशीच्या आसपासचा आकडा एका बैठकीत थोडासाच खाली येतो आणि अनेक कथानकांत शेवटी यशाबद्दल काही गुण परतही मिळतात. म्हणजे बाहुली पुन्हा उभी राहते. शिवाय ही घट ज्याच्या त्याच्या कागदावर होते, शेजारच्याला ती दिसत नाही. पात्रे तयार करण्यातही वेळ जातो. हाच खेळ घ्यायचा असेल, तर सूत्रधाराने पात्रे आधी बनवून आणावीत.

आणखी एक गोष्ट डोळसपणे पाहायला हवी. हा खेळ एच. पी. लव्हक्राफ्ट (१८९०–१९३७) यांच्या कथाविश्वावर उभा आहे. त्या कथांमध्ये भीतीचे मूळ पुष्कळदा परक्या वंशांच्या लोकांत आणि त्यांच्या अनाकलनीय विधींत शोधलेले असते. तंजावरच्या खोलीत बसलेले तुम्ही त्या नजरेला ‘परके’च आहात. ती नजर न तपासता उचलली, तर आपल्याच देवळातला दिवा आपल्याला भयाण वाटू लागेल.

४. ‘ड्रेड’

एपिडिया राव्हाचॉल आणि नॅट बार्मोर यांच्या या खेळात (२००५) फासेच नाहीत. टेबलावर जेंगाचा मनोरा असतो, म्हणजे ५४ लाकडी ठोकळ्यांची रास. पात्राला अवघड काही करायचे असेल, तर खेळाडूने मनोऱ्यातला एक ठोकळा काढून वर ठेवायचा. काढायचा नसेल तर नकार देता येतो, पण मग ती कृती फसते. मनोरा ज्याच्या हातून पडेल, त्याचे पात्र कथेतून कायमचे जाते. मुद्दाम मनोरा पाडला, तर पात्र संपते, पण जाता जाता हाती घेतलेले काम पूर्ण करते.

पात्रे आकड्यांनी नव्हे, तर प्रश्नांनी घडतात. सूत्रधार प्रत्येकाला प्रश्नावली देतो. समजा, ‘आजीच्या खोलीला तू बाहेरून कडी का घातलीस?’ असा प्रश्न आला. कडी घातली होती की नाही, हा पर्याय तुमच्याकडे उरत नाही. तुम्ही फक्त कारण सांगायचे, आणि त्या कारणातून पात्राचा अपराधभाव तयार होतो.

निकष पूर्ण उतरतो. प्रत्येक ठोकळ्यासरशी मनोरा पोकळ होतो, सर्वांच्या डोळ्यांसमोर होतो आणि तो रात्रीत पडणार हे जवळजवळ निश्चित असते. मात्र दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला : ज्याचे पात्र गेले, तो उरलेला वेळ काय करणार? दुसरा : हा खेळ पात्राचे धैर्य नव्हे, तर खेळाडूच्या बोटांची स्थिरता मोजतो. ज्याचा हात थरथरतो किंवा ज्याला दिसत नाही, त्याच्यावर हा अन्याय आहे. अशा मित्राने ठोकळा निवडावा आणि दुसऱ्याने काढावा, ही तडजोड करता येते. बाद झालेल्याला सूत्रधाराने भुताचा किंवा गावकऱ्यांचा आवाज द्यावा.

५. ‘टेन कँडल्स’

स्टीफन ड्यूई यांच्या या खेळात (२०१५) सुरुवातीला दहा छोट्या मेणबत्त्या लावतात आणि खोलीतले बाकी दिवे बंद करतात. फासे टाकण्यात अपयश आले किंवा एखादी मेणबत्ती आपोआप विझली, की प्रसंग संपतो. पुढच्या प्रसंगात खेळाडूंना तेवढेच फासे मिळतात, जेवढ्या ज्योती उरल्या आहेत. आरंभी प्रत्येक जण आपल्या पात्राचा अखेरचा निरोप मुद्रित करतो. शेवटची मेणबत्ती विझली की सर्व पात्रे संपतात आणि अंधारात ते निरोप ऐकवले जातात.

शेवट आधीच माहीत असेल, तर उत्कंठा उरते का? याचे उत्तर तंजावर जिल्ह्यातच सापडते. मेलट्टूर गावात नृसिंह जयंतीच्या सुमारास भागवतमेळ्यात ‘प्रल्हादचरित्र’ रात्री सादर होते. नाटक तेलुगू, गाव तमिळ आणि गोष्ट सर्वांना पाठ. नृसिंहाचा मुखवटा पूजेतला असतो. तो चढवलेल्या नटात देवाचा संचार होतो असे मानतात आणि त्याला आवरायला माणसे सोबत असतात. हे नाटक भक्तीचे आहे, भयखेळ नव्हे. पण खांब फुटणार हे ठाऊक असूनही लोक श्वास रोखतात. ‘काय होणार’ हे माहीत असले, तरी ‘केव्हा’ हा प्रश्न पुरेसा असतो. ‘टेन कँडल्स’ याच ‘केव्हा’वर उभा आहे, म्हणून या चौघांत मी त्याला सर्वांत समर्थ मानतो.

अडचण व्यवहाराची आहे. तंजावरच्या उकाड्यात पंखा बंद करून तीन तास बसवत नाही आणि पंखा लावला तर खेळ दहा मिनिटांत आटोपतो. त्याहून मोठी अडचण आगीची. या खेळात पात्राचे गुण लिहिलेले कागदही जाळले जातात. कुंभकोणम याच जिल्ह्यात आहे. १६ जुलै २००४ रोजी तिथल्या शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. गाद्या, वह्या आणि मच्छरदाण्यांनी भरलेल्या खोलीत उघड्या ज्योती लावू नयेत. बॅटरीवरचे दहा दिवे आणा आणि कागद जाळण्याऐवजी फाडा. दिवा अवचित विझण्याची शक्यता जाते, हे नुकसान खरे आहे. पण अंधार पायरीपायरीने वाढतो आणि परत फिरत नाही, हा गाभा शाबूत राहतो.

६. ‘क्थुलू डार्क’

जवळ ना मनोरा ना दिवे, असे असेल तर ग्रॅहम वॉल्म्सली यांचा हा छोटा खेळ पाहा. नियम दोन-चार पानांत मावतात. प्रत्येकापुढे एक फासा असतो. भयंकर काही दिसले की त्याचा आकडा वाढू शकतो आणि सहावर पोहोचला की पात्राचे भान सुटते. राक्षसाशी लढाल तर मराल, असा साधा नियम आहे. आकडा काही उपायांनी खाली आणता येतो, म्हणून निकषाचा पहिला भाग पूर्ण जुळत नाही. पण फासा सर्वांसमोर असतो आणि खर्च जवळजवळ शून्य.

७. संमती आणि भाषा

भीती मित्रांमध्ये वाटायची असेल, तर कोणाची खरी जखम उघडी पडता कामा नये. पाचांपैकी एकाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल आणि बाकीच्यांना ते ठाऊकही नसेल. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांची ‘एक्स-कार्ड’ ही युक्ती इथे उपयोगी पडते. फुलीचे एक कार्ड टेबलावर ठेवा. कोणीही त्याला हात लावला की तो भाग वगळायचा, कारण विचारायचे नाही. यामुळे भीती पातळ होते असा आक्षेप घेतला जातो. मला उलट वाटते. थांबता येते हे माहीत असले, की माणूस अधिक पुढे जायला तयार होतो.

दुसरी गोष्ट भाषेची. या खेळांची पुस्तके इंग्रजीत आहेत, पण खेळ इंग्रजीत खेळायची सक्ती नाही. घाबरलेला माणूस आपल्या बोलीत ओरडतो, तसेच बोलू द्या. स्थळही जवळचे घ्या. पट्टुकोट्टैच्या पुढे समुद्रकिनाऱ्यावर दुसऱ्या सरफोजी राजांनी नेपोलियनच्या पराभवाच्या स्मरणार्थ बांधलेली षट्‌कोनी वास्तू आहे. तमिळ लोकही तिला ‘मनोरा’च म्हणतात. सरस्वती महालात मोडी लिपीतले कागद आहेत. त्या मनोऱ्यात अडकलेले पाच जण आणि त्यांतल्या एकालाच वाचता येणारा एक मोडी कागद, एवढे साहित्य एका रात्रीला पुरते.

८. समारोप

आपल्या पाच जणांसाठी माझी निवड ‘ड्रेड’ आहे. नवख्यांना नियम पाच मिनिटांत कळतात, प्रत्येक ठोकळ्याला सगळे गप्प होतात आणि आगीची भीती फक्त कथेत राहते. मंडळी मुरलेली असतील आणि बॅटरीचे दिवे हाताशी असतील, तर ‘टेन कँडल्स’ घ्या. ‘कॉल ऑफ क्थुलू’ लांब सुट्टीसाठी राखून ठेवा. नाव कोणतेही असो, खेळ हाती घेताना एकच विचारा : यात पडलेले पुन्हा उभे राहते का? राहत असेल, तर ती बाहुली आजच्या रात्रीची नाही.

स्वाध्याय

१. ‘भयखेळात कथानकापेक्षा नियम महत्त्वाचे.’ या विधानाशी तुम्ही सहमत आहात का? दोन खेळांच्या आधारे लिहा.
२. ‘ड्रेड’मध्ये बाद झालेल्या खेळाडूसाठी तुम्ही कोणती योजना कराल? तिच्यामुळे निकषाच्या (अ) भागाला बाधा येते का?
३. तुमच्या गावातील एखाद्या रात्रीच्या लोकनाट्यात शेवट माहीत असूनही उत्कंठा कशी टिकते, ते १५० शब्दांत मांडा.