फास्ट फाइव्ह नेटबॉल : अंतराचे वाढलेले आणि बचावाचे घटलेले मूल्य

प्रस्तावना

क्रिकेटमध्ये २००३ साली इंग्लंडच्या काउंटी संघांमध्ये वीस षटकांची स्पर्धा सुरू झाली. त्यानंतर अनेक क्रीडासंघटनांना आपल्या खेळाची संक्षिप्त आवृत्ती असावी असे वाटू लागले. नेटबॉलच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आखलेला ‘फास्टनेट’ हा प्रकार याच विचारातून आला. त्याची पहिली जागतिक मालिका ऑक्टोबर २००९ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाली. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड, जमैका, सामोआ आणि मलावी हे सहा संघ तीत उतरले व न्यूझीलंडने विजेतेपद मिळविले. २०१२ पासून ही मालिका प्रत्येकी पाच खेळाडूंची झाली आणि ‘फास्ट फाइव्ह’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

या स्पर्धेविषयीची चर्चा बहुधा ‘वेग’ या एकाच शब्दाभोवती फिरते. प्रस्तुत लेखात या शब्दाची चिकित्सा केली आहे. वेळ कमी झाली हा या प्रकारातील सर्वांत दुय्यम बदल होय. संघाला आघाडी कशातून मिळते, याचे उत्तरच येथे बदलले आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

मूळ खेळाची घडण

रूढ नेटबॉलमध्ये सात खेळाडूंचा संघ प्रत्येकी पंधरा मिनिटांची चार सत्रे खेळतो. मैदान ३०.५ मीटर लांब व १५.२५ मीटर रुंद असते. कडे जमिनीपासून ३.०५ मीटर उंचीवर असून त्यामागे फळी नसते. प्रत्येक खेळाडूच्या हालचालीचे क्षेत्र ठरलेले असते, चेंडू तीन सेकंदांपेक्षा अधिक काळ हाती ठेवता येत नाही आणि तो घेऊन धावताही येत नाही. गोल करण्याचा अधिकार गोल शूटर व गोल अटॅक या दोघींनाच असून ४.९ मीटर त्रिज्येच्या गोल वर्तुळाच्या आतूनच चेंडू कड्यात टाकावा लागतो. खांबाशेजारून केलेला गोल आणि वर्तुळाच्या कडेवरून केलेला गोल यांचे मोल सारखेच, म्हणजे एक.

या नियमांमध्ये एक सूक्ष्म व्यवस्था आहे. प्रत्येक गोलानंतर खेळ मध्यभागातून, ‘सेंटर पास’ने सुरू होतो आणि हा पास दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो, गोल कोणी केला यावर तो अवलंबून नसतो. दोन्ही संघांनी आपापल्या प्रत्येक पासावर गोल केला तर सामना बरोबरीतच राहील. पुढे जायचे तर प्रतिस्पर्ध्याच्या पासावरील चेंडू हिसकावावा लागतो किंवा त्याचा नेम चुकल्यावर तो ताब्यात घ्यावा लागतो. असे एकदा घडले, की प्रतिस्पर्ध्याचा एक गोल बुडतो आणि आपला एक वाढतो. शिवाय पुढचा पास पाळीने आपलाच असतो. एका अडवणुकीने दोन गोलांचा फरक पडतो. म्हणून रूढ नेटबॉल हा बाह्यतः गोल करणाऱ्यांचा, पण अंतर्यामी बचावपटूंचा खेळ आहे.

नव्या नियमांचे गणित

फास्टनेटमध्ये आणि पुढे फास्ट फाइव्हमध्ये सत्र सहा मिनिटांचे, म्हणजे सामना चोवीस मिनिटांचा झाला. गोल झाल्यावर सेंटर पास ज्या संघावर गोल झाला त्याला दिला जाऊ लागला. वरवर पाहता हा मागे पडलेल्या संघाविषयीचा औदार्याचा नियम आहे. त्याचा परिणाम मात्र खोल आहे. अडवणुकीनंतर गोल केला, की चेंडू लगेच प्रतिस्पर्ध्याकडे जातो. पुढचा पास आपला असण्याचा लाभ उरत नाही. प्रतिस्पर्ध्याची एक संधी वाया गेली एवढीच काय ती कमाई. दोन गोलांचा फरक एकावर आला, म्हणजे अडवणुकीचे मूल्य निम्मे झाले.

दुसरीकडे दूरच्या नेमाचे मूल्य वाढविण्यात आले. फास्ट फाइव्हमध्ये वर्तुळाच्या आतील भागातून एक, वर्तुळातील बाहेरच्या पट्ट्यातून दोन आणि वर्तुळाबाहेरून तीन गुण मिळतात. उदाहरणादाखल असे समजावे, की एखादी शूटर जवळून दहापैकी नऊ नेम साधते. वर्तुळाबाहेरून तिने दहापैकी तीन साधले तरी दोन्हींची गुणसंख्या नऊच होते; चार साधले तर दूरचा नेम सरस ठरतो. ज्या नेमाला रूढ खेळात अविचार म्हटले गेले असते, तो येथे सुज्ञ निर्णय ठरतो.

‘पॉवर प्ले’ या तरतुदीनुसार प्रत्येक संघाला एका सत्रात आपले गुण दुप्पट करून मिळतात. सर्व अंतरांचे गुण सारख्याच पटीने वाढत असल्याने कोणता नेम श्रेयस्कर, या निर्णयात त्यामुळे फरक पडत नाही. चढउतार मात्र तीव्र होतात. एका फेकीतून सहा गुण मिळू शकतात. मुळात चोवीस मिनिटांत संधी कमी, त्यात एकेका संधीचे वजन जास्त. त्यामुळे योगायोगाचा वाटा वाढणे अपरिहार्य आहे.

पाच खेळाडूंचा परिणाम

२०१२ मध्ये विंग अटॅक आणि विंग डिफेन्स ही दोन स्थाने वगळण्यात आली. मैदान मात्र तेवढेच राहिले. चौदा खेळाडूंमध्ये दरडोई सुमारे ३३ चौरस मीटर जागा होती, ती दहा खेळाडूंमध्ये ४६ चौरस मीटरांहून अधिक झाली. मोकळी जागा वाढल्याने पास देणे सोपे आणि अडविणे कठीण झाले. ही दोन स्थाने प्रेक्षकांच्या नजरेत क्वचितच भरतात. परंतु वर्तुळाच्या कडेला उभे राहून नेमक्या क्षणी चेंडू आत पोहोचविणे आणि तोच चेंडू आत जाऊ न देणे, ही नेटबॉलमधील सर्वांत घोटीव कसबे त्यांच्याकडेच होती.

निकालांचा अर्थ

२००७, २०११ आणि २०१५ या तिन्ही विश्वस्पर्धा जिंकणाऱ्या ऑस्ट्रेलियाला जलद प्रकाराच्या पहिल्या पाच मालिकांत विजेतेपद मिळाले नाही. त्यांत चार वेळा न्यूझीलंड आणि एकदा, २०११ मध्ये, इंग्लंड विजेता ठरला. नव्या नियमांनी बलाबल बदलले, असा निष्कर्ष यावरून काढण्याचा मोह होतो. तथापि ऑस्ट्रेलियाने या मालिकेत अनेकदा मुख्य खेळाडूंऐवजी तरुण खेळाडू उतरविले होते. त्यामुळे निकालांचा पुरावा जपूनच वापरावा लागतो.

२०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेतील अंतिम सामना या संदर्भात बोलका आहे. नियमित वेळ आणि अतिरिक्त वेळ संपूनही बरोबरी न फुटलेला तो सामना न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ६६–६४ असा जिंकला. दूरच्या नेमासाठी ख्यात असलेल्या मारिया टुटाइयाने निर्णायक गोल केला. त्या गोलाला एकच गुण होता. थरारासाठी सामना लहान करावा लागतो किंवा दूरच्या फेकीला अधिक गुण द्यावे लागतात, हे गृहीतक दिल्लीत टिकले नाही.

समारोप

या प्रकाराचे श्रेय नाकारता येत नाही. पाच खेळाडूंमुळे संघ उभा करणे सुकर होते, आणि २०२२ च्या क्राइस्टचर्च येथील मालिकेत पुरुषांच्या सामन्यांनाही स्थान मिळाले. स्वतंत्र प्रकार म्हणून फास्ट फाइव्हला स्वतःचे तर्कशास्त्र आहे. प्रश्न उद्भवतो तो हे तर्कशास्त्र मूळ खेळात शिरते तेव्हा. ऑस्ट्रेलियाच्या सुपर नेटबॉल लीगने २०२० मध्ये प्रत्येक सत्राच्या अखेरच्या पाच मिनिटांत दूरच्या गोलाला दोन गुण देण्यास आरंभ केला, तेव्हा खेळाडूंना विश्वासात न घेतल्याची तक्रार झाली. ती रास्त होती. कारण असा नियम केवळ गुणफलक बदलत नाही, तर वर्षानुवर्षे कमावलेल्या कौशल्यांची प्रतवारी बदलतो. तेथे पासांची पाळी कायम असल्याने अडवणुकीचे मोल निम्मे झाले नाही, एवढाच फरक.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील स्त्रियांच्या व्यायाम-महाविद्यालयात हा खेळ आकारास आला. प्रत्येकीला ठराविक क्षेत्रात बांधून ठेवणाऱ्या त्याच्या रेषांवर त्या काळातील स्त्रीविषयक समजुतींची छाया होती. खेळाडूंनी मात्र त्याच मर्यादांमधून अडवणुकीची आणि अचूक पासांची एक समृद्ध कला निर्माण केली. नवा नियम स्वीकारताना तो खेळ किती वेगवान करतो, याबरोबरच या कलेचे मोल तो किती राखतो, हाही निकष लावला गेला पाहिजे.